आधी कोण म्हणतं

हिंगोली,
१३ जानेवारी २०२५

राधे,

पत्र बघून घाबरू नको. सगळे जिवंत आहेत, मेंढरंसुद्धा. फोनवर बोलायचं तर तिकडे मेंढरांत माय कान लावून बसलेली असते आणि इथे घरी रेवती. तुझ्या वहिनीपासून लपवायचं काही नाही, पण ती आधी रडते आणि मग ऐकते. म्हणून लिहितोय. मी पडलो कारकून, कागदावर मला जरा धीर येतो.

मायचं काहीतरी बिघडलंय.

मी दर शनिवारी सिद्धेश्वरला माय-आबांकडे, मेंढरांच्या वाडग्यावर जातो. सध्या मेंढ्या व्यायलेल्या आहेत, एकोणतीस कोकरं जाळीत आहेत. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की काय गोंधळ असतो ते तू लहानपणापासून बघितलंय. कोकरं एकदम सोडली तर दांडगी तेवढी मिळेल तिथे तोंड घालतात आणि दुबळी उपाशी राहतात. म्हणून आबा एकेक कोकरू उचलतात, तोंड बघतात, त्याच्या आईचं नाव घेतात आणि तिच्याखाली सोडतात. चांदी, भुरी, मोरी, बांडी. कुणाचं पाजून झालं, कुणाचं राहिलं, सगळं डोक्यात. पासष्टाव्या वर्षी! मला तर ऑफिसात चावी कुठे ठेवली तेसुद्धा शिपायाला विचारावं लागतं.

माय त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी असते आणि आबा जे म्हणतील ते पुटपुटत राहते. "भुरी झाली, मोरी झाली, आता बांडी." आधी वाटलं, सवय असेल. पण ती दिवसभर हेच करते. आबा पाण्याकडे निघाले की ही मागे, "पान्याकडं, मग धुऱ्यावर, मग बाभळीखाली" करत. काठी घेतली का, बाटली घेतली का, असं त्यांना शंभरदा विचारते. आबा बिचारे काही बोलत नाहीत. इकडे तिची स्वतःची भाकर तव्यावर करपते. परवा वरणात दोनदा मीठ पडलं. मला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, चहा घेतलास का.

तू मेंदूचंच शिकतेस. दिवाळीत आलीस तेव्हा हिंगोलीतल्या म्हाताऱ्यांना आकडे उलटे म्हणायला लावत होतीस. आबा तुझ्या त्या निरोगी लोकांच्या यादीत बसले, ते अजून गावभर सांगत असतात. तेव्हाच मायचीही परीक्षा घेतली असतीस तर बरं झालं असतं. आता काय करू ते कळव. फोन करू नको.

शिवहार


बेंगळुरू,
१८ जानेवारी

दादा,

तुझं पत्र लॅबच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. जगातल्या लोकांची स्मरणशक्ती मोजत फिरते आणि माझ्या मायचं मला कळलं नाही.

सोपं करून सांगते. डोक्यात आठवणींचं एक कोठार असतं आणि एक ओंजळ असते. कोठारात वर्षानुवर्षांचं साठलेलं. ओंजळीत फक्त आत्ताचं: काय करत होते, काय झालं, पुढे काय. ही ओंजळ मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवलेली नसते. कपाळामागचा भाग आणि टाळूच्या मागचा भाग एकमेकांशी सतत बोलत राहतात, तोवरच ती धरलेली राहते. शिवाय आणखी एक जाळं असतं. आपण रिकामे बसलो की मन कुठेकुठे नेतं ते. काम चालू असताना त्यानं गप्प बसायचं असतं. विसरण्याच्या आजारात पहिल्या दोघांचं बोलणं विरत जातं आणि हे तिसरं गप्प बसत नाही. म्हणून माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचं बारसं आठवतं, पण हातात चमचा कशाला घेतला ते आठवत नाही.

पुटपुटणं म्हणजे ओंजळ गळू नये म्हणून बोटं आवळून धरणं. आपण सगळेच करतो. फोन नंबर लिहून घेईपर्यंत नाही का म्हणत राहत? पण दिवसभर करावं लागत असेल तर ओंजळ गळतेय.

एक कर. वाडग्यावर असतानाच तिला तीन मेंढ्यांची नावं सांग आणि उलटी म्हणायला लाव. जमलं तर चार. मग तिला आठवडाभर हिंगोलीला घेऊन ये. रक्त तपास, थायरॉइड आणि बी-बारा बघ. झोप नसली, थकवा असला, तरी असं होतं. तिला तिथल्या कामापासून पूर्ण तोड. आबा भक्कम आहेत, ते सांभाळतील आठ दिवस.

ती नाही म्हणेल. ऐकू नको.

राधिका


हिंगोली,
२७ जानेवारी

राधे,

आधी तुझं कौतुक. तुझं औषध लागू पडलं.

बुधवारी तुझं पत्र घेऊनच वाडग्यावर गेलो आणि तिची परीक्षा घेतली. तीन नावं उलटी सांगता आली नाहीत तिला. मध्येच आबांकडे बघून "डाव्या अंगाला" म्हणाली, आणि माझी नावं गेली वाऱ्यावर.  रात्री तिच्याशी भांडलो आणि गुरुवारी तिला घेऊनच आलो. नाही म्हणाली, हात सोडवून घेतला, थावराच्या खोपटापर्यंत मागे पळाली. शेजारचा थावराही मग मला चार गोष्टी सांगायला लागला, म्हातारीला तिच्या मनाविरुद्ध काहून नेतो म्हणून. मी कुणाचं ऐकलं नाही.

निघताना आबांनी तीन वेळा विचारलं, ही कधी येणार. तीन वेळा. या वयात इतका जीव, मला हसूच आलं. मी मोटारसायकलवरून वळून पाहिलं तर आबा जाळीपाशी उभेच होते.

आता ऐक. माय पहिले दोन दिवस नुसती झोपली. जेवायला उठवलं की उठायची, परत आडवी. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. काल सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन करून आलो आणि पुन्हा परीक्षा घेतली. पाच नावं उलटी, राधे! न अडखळता. रेवतीला तीनच जमली, ती रुसून बसली. भाकरी एकही करपली नाही. पुटपुटणं बंद.

परत जायचं टुमणं मात्र चालू आहे. आबांना रोज फोन लावून देतो. ते म्हणतात, समदं बराबर हाय. एवढंच म्हणतात आणि ठेवतात. या रविवारपर्यंत तिला ठेवून घेतो.

शिवहार


हिंगोली,
१ फेब्रुवारी

राधिका,

फोनवर तुला एवढंच सांगितलं की मायला परत वाडग्यावर सोडलंय आणि काही कोकरं मेली. बाकीचं माझ्या तोंडातून निघेना. म्हणून लिहितोय.

मंगळवारी दुपारी थावराचा फोन आला. म्हणाला, "शिवहारभाऊ, तुमी या. तुमच्या बापाचं मला काई समजून न्हाई राहिलं." माय ऐकत होती. तिनं चपला घातल्या आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभी राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मेंढ्या जाळीबाहेर ओरडत होत्या. आबा जाळीच्या तोंडाशी उभे होते, हातात एक कोकरू. मान डाव्या खांद्याकडे वळलेली. मागे कोणी नव्हतं, नुसती तुरीच्या काड्यांची भिंत. आणि ते त्या भिंतीला म्हणत होते, "सांग." थोडं थांबायचे, वाट बघायचे, परत, "सांग की." थावरा म्हणाला, तासभर हेच चाललंय. हातातलं कोकरू मेलेलं होतं.

अशी सहा. पाच दिवस आबा जी पाजली तीच पुन्हा पाजत राहिले. बाकीची उपाशी. तीन जाळीच्या कोपऱ्यात पोत्याखाली होती. आबांनीच झाकली असणार, आणि झाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. चूल थंड. बुधवारी मी नेलेल्या, रेवतीनं बांधून दिलेल्या भाकरी तशाच फडक्यात, बुरसटलेल्या. गुरुवारपासून ते काय खात होते, विचारू नको.

 माय सरळ गेली आणि त्यांच्या मागे उभी राहिली, नेहमीच्या जागी. हळूच म्हणाली, "ते ठिवा खाली. आता भुरी." आबांनी मेलेलं कोकरू ठेवलं, दुसरं उचललं, आणि मोठ्यानं म्हणाले, "भुरी." मग सगळं बिनचूक. तेवीसच्या तेवीस.

मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. आजवर लांबून बघत आलो आणि मला वाटत आलं की माय आबांच्या मागून म्हणते. राधे, ती मागून म्हणत नाही.

बिघडलेलं माणूस मी शहरात आणून झोपवलं आणि चांगलं माणूस वाडग्यावर ठेवलं, अशी माझी समजूत. उलट केलं आपण. आपणच केलं हे. तुला दोष देत नाही. थोडा देतो.

शिवहार


बेंगळुरू,
८ फेब्रुवारी

दादा,

थोडा नको देऊस, सगळा दे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी दिवाळीतलं रेकॉर्डिंग काढलं. प्रत्येक परीक्षेचा आवाज आम्ही साठवतो. आबांच्या फाईलवर माझ्याच अक्षरात शेरा आहे: "घरातील आवाज, दुर्लक्ष करावे." मायला आबांजवळ बसू दिलं होतं मी, कारण ती नसली की ते बिचकत होते. ती कोथिंबीर निवडत होती. मला तर ते दृश्य फार गोड वाटलं होतं.

मी हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐकलं. मी म्हणते, चार, सात, दोन, नऊ. मग शांतता. मग खालच्या आवाजात, अगदी श्वासाइतक्या, बाईचा आवाज: नऊ, दोन, सात, चार. आणि त्यानंतर आबा, खणखणीत: नऊ, दोन, सात, चार. मी तेव्हा "शाब्बास आबा" म्हटलंय. तेही ऐकू येतं.

बावीस प्रश्न आहेत. बावीसही वेळा ती आधी आहे. एका ठिकाणी ती खोकली आणि गप्प राहिली. तिथे आबाही गप्प आहेत, मग म्हणतात, "पुन्हा सांग पोरी." मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, ऐकू कमी आलं असेल.

मी शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता कळतंय. मायची ओंजळ गळत नव्हती, भरून वाहत होती. एका माणसाच्या मेंदूत जे दोन भाग एकमेकांशी बोलतात, ते काम ही दोघं दोन डोक्यांत करत होती. आबांना मेंढी ओळखता येते, हात चालतो, ते कोठारातलं आहे. पण आत्ता काय झालं आणि पुढे काय, हे धरून ठेवायला त्यांच्याकडे माय होती. दोघांचं धरायचं म्हणजे स्वतःची भाकर करपणारच. तुझ्या तीन नावांना तिथे जागाच नव्हती. आणि तिथून तिला उचलून ने म्हणून मीच लिहिलं, तेही "ऐकू नको" असं ठणकावून.

आपल्याच माणसांची परीक्षा घ्यायची नसते, असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. मी हट्ट केला, कारण माझ्या बापाचं नाव निरोगी लोकांत यावं असं मला वाटत होतं. आज मी त्यांना सगळं सांगितलं. यादीतून आबांचं नाव काढावं लागेल. आबांना नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे ने, मी चिठ्ठी पाठवतेय. मायला विचार, कधीपासून. मला फोनवर ती सांगणार नाही, आणि मला विचारायचा धीर नाही.

राधिका


वाडगा, सिद्धेश्वर,
१६ फेब्रुवारी

राधे,

तुझी वहिनी लिहून राहिली. म्या जसं म्हनंल तसंच लिही, सुधारू नको म्हनलं तिला.

परवा फोनवर तू लई रडलीस. रडू नको. तुझी इद्या खोटी न्हाई, तुला इकडून सांगितलंच उलटं.

तीन वर्सं झाली. आखाडा बाळापूरच्या बाजाराहून येताना फाट्यावर उतरलो. तुझ्या बापानं मला इचारलं, आपुन जाऊन राहिलो का येऊन राहिलो. म्या हसले. मग त्याचं तोंड पाहिलं. तवापासून म्या म्हनते अन् तो करतो. आदी आदी दिसातून येखांदा शबुद लागायचा. मग वाढत गेलं. त्याला ह्यातलं किती कळतं, म्या कदी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं.

तू म्हनशील, आमाला काहून सांगितलं न्हाई. सांगून काय झालं असतं? शिवहारनं मेंढरं इकली असती अन् तुझ्या बापाला हिंगोलीत खुर्चीवर बसवलं असतं. तिथं त्याचे हात काय करतील? मेंढरात हाय तवर तो संपतराव हाय. भाकर करपली तर करपली.

दिवाळीला तू आकडे इचारलेस तवा तो माझ्याकडं पाहून राहिला. मला गप बसवंना. पोटच्या लेकीला फसवलं म्या, त्ये मला मान्य हाय.

येक गोष्ट कोनाला सांगितली न्हाई, आता सांगते. रेवती, रडायचं आसंल तर मागून रड, आदी लिही. हिंगोलीला म्या पाच राती झोपले. तीन वर्सांत तशी झोप न्हाई लागली. कोनाचं काई धरायचं न्हवतं. लई बरं वाटलं, राधे. परत जाते परत जाते म्हनत व्हते, पन जीव म्हनायचा, आजूक येक दिस. तवाच तिकडं कोकरं मरून राहिली व्हती अन् तुझा बाप भिताडाला सांग म्हनून राहिला. शिवहारचा दोस न्हाई, तुझा बी न्हाई. म्या उठून चालत निघाले असते तर कोन आडवनार व्हतं?

आता येवढं कर. तुमच्या त्या यादीतून त्याचं नाव काढशील तवा त्याला कळू देऊ नको. थावराला रोज सांगतो तो, माझी लेक म्हनते मी पास हाय.

तुझी माय


वाडगा, सिद्धेश्वर,
९ मार्च

राधे,

नांदेडचे कागद सोबत जोडलेत. तू वाचशील, मला त्यातलं पहिलं पानच पुरे झालं. आजार तोच आहे जो तुला वाटला होता, विसरण्याचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की बरं होणार नाही, आहे ती आठवणही हळूहळू जाईल. मी मेंढरं विकत नाही. अर्धी थावराकडे सांभाळायला दिली. मी दोन महिन्यांची रजा टाकली आहे आणि वाडग्यावर राहतो. रेवतीसुद्धा रविवारी येते. मायला आता दुपारी दोन तास झोपवतो. तेवढा वेळ आबांच्या मागे मी. जमत नाही. काल मोरीला बांडी म्हणालो, आबांनी मुकाट बांडी म्हटलं आणि मेंढीनं कोकराला धडक दिली. माय झोपेतून उठून आली आणि मला बाजूला केलं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल संध्याकाळचं सांगायचंय, फोनवर सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही.

माय नेहमीच्या जागी उभी होती, खालच्या आवाजात म्हणत होती. आबांच्या हातात कानतुटी मेंढीचं कोकरू. ते थांबले. मला वाटलं, झालं, अडकले. मान न वळवता, समोर मेंढ्यांकडे बघतच ते म्हणाले, "मोठ्यानं म्हन. समद्यांला कळलंच हाय."

  मायच्या तोंडाकडे बघवेना मला. ती म्हणाली, "कानतुटी," आणि आवाज असा फुटला की पलीकडच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, थावरानं वर पाहिलं. आबांनी कोकरू सोडलं. मग पुढचं. ती मोठ्यानं, आणि आबा काहीच नाही, नुसते हात चालू. सगळी पाजून होईपर्यंत आबांनी एकही नाव घेतलं नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं, राधे. फाट्यावरच्या त्या दिवसापासून माहीत असेल कदाचित. तीन वर्षं दोघं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होती, एक हात अंतरावर उभी राहून. मी कारकून, मला वाटायचं घरातलं सगळं मला कळतं. मला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

नंतर आबा हौदावर हात धुवायला आले. मी पाणी ओतत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं, बरोबर घेतलं, आणि तुझ्यासाठी एक निरोप दिला.  यादीतून नाव काढायचंय हे त्यांना आपल्यापैकी कोणी बोललेलं नाही, मी मायलाही विचारलं. निरोप जसाच्या तसा लिहितो, एक अक्षर माझं नाही:

"राधीला म्हनावं, त्या यादीतलं माझं नाव काढ अन् तुझ्या मायचं घाल. परीक्षा तिनंच दिली व्हती."

शिवहार